पोलादपूरला नेलेला लॅपटॉप

आपली फजिती माणूस शक्यतो दुसऱ्याच्या नावावर खपवतो. ही मात्र माझ्याच नावावर राहणार, कारण पुरावा छापील आहे आणि छापलाय मीच.

मी महाडला शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. कुणाचं जुनं मशीन रखडायला लागलं की मी हजर. "नवं कशाला घेताय? जुनी सिस्टीम काढून फुकटची लिनक्स घाला, पळायला लागेल." सल्ल्यांचा एक कागदच छापून ठेवलाय. नको म्हणणाऱ्यालाही देतो.

शेजारच्या सकीनाभाभी शेवटी तयार झाल्या, पण एका अटीवर. "मास्तर, ह्यांचे फोटो जाता कामा नाय."

'हे' म्हणजे हमीदभाई. वारून बरीच वर्षं झाली. घरातले अल्बम पुरात गेले. त्याआधी मुलीने लॅपटॉपमध्ये उतरवलेले फोटो तेवढे उरलेत. म्हणून लॅपटॉप कायम माळ्यावर, पेटीत.

"तुम्ही निश्चिंत राहा," मी म्हणालो. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला, लॅपटॉप चालू केला आणि गप्पांच्या नादात भराभर बटणं दाबत गेलो. नवा स्क्रीन आला, छान निळा. फोटोंचं फोल्डर उघडलं.

रिकामं.

बोलता बोलता मी सगळं पुसून वर लिनक्स बसवलं की काय? कॉपी काढून ठेवा, हाही माझाच सल्ला. तो मी सोडून सगळ्यांनी पाळावा असा आहे.

"झालं काय?" भाभींनी चहा ठेवत विचारलं.

"थोडं काम निघालंय. पोलादपूरला न्यावा लागेल."

"फोटो हायत ना?"

"असतील," मी म्हणालो. असं कुणी म्हणतं का हो? भाभींचा चेहरा बघवेना.

आता कागदावरचा शेवटचा सल्ला ऐका: चुकून काही पुसलं गेलं तर मशीन पुन्हा चालू करू नका, जाणकाराकडे न्या. हा मात्र मी तंतोतंत पाळला. लॅपटॉप बंद केला, पेनड्राइव्ह उपटून खिशात टाकला आणि एसटी पकडली. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरने दोनदा विचारलं, बरं नाही का?

पोलादपूरला माझी जुनी विद्यार्थिनी प्राजक्ता दुरुस्तीचं दुकान चालवते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि सरळ बटण दाबलं. मी "अगं, नको" म्हणेपर्यंत जुना स्क्रीन समोर. फोल्डर उघडलं. हमीदभाई कुवेतमध्ये गाडीला टेकून हसतायत. सगळे फोटो जागच्या जागी.

मी मटकन स्टुलावर बसलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

"सर, दोन मिनिटांत कधी लिनक्स बसतं का? ते नुसतं पेनड्राइव्हवरून चालत होतं, रिकामं फोल्डरही त्याचंच." तिने ड्रॉवरमधून एक कागद काढला. माझाच. पहिलाच सल्ला, जाड अक्षरात: पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघा, तुमच्या मशीनमधलं काहीही जात नाही. घाबरू नका.

संध्याकाळी भाभींनी एकेक फोटो नीट बघितला, पदराने डोळे पुसले आणि मग माझ्याकडे वळल्या.

"मास्तर, सगलं होतं तसंच हाय. मग पोलादपूरला जाऊन केलात काय?"

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "चालू केला," मी म्हणालो.

भाभींनी लॅपटॉप उलटसुलट करून बघितला. "बटन तर हितंच हाय की."