लिंबातलं वेढं

लोक अजून विचारतात, तुमचा सगळ्यात आवडता खेळ कुठला? मंगळवार पेठेतल्या कट्ट्यावर बसलो की एखादा तरी विचारतोच. मी सांगतो, वाट्यांचा. ते खोटं आहे. खोटं बोलण्यातच जन्म गेला, त्यात आणखी एक.

वाट्यांचा खेळ चांगलाच आहे, नाही असं नाही. तीन पितळी वाट्या आणि चिंध्यांच्या गोळ्या. बघणारे तीन गोळ्या मोजतात, चौथी कुणाला ठाऊक नसते, आणि त्या चौथीवरच सगळं चालतं. सुताचा दोरा तोडून गिळायचा आणि तोंडातून सबंध काढायचा, तोही मला आवडायचा. सरदारांच्या दिवाणखान्यात सुपारीचा खेळ करायचो. मुठीतली सुपारी पाहुण्याच्या पगडीत निघायची आणि पुढचा तासभर पाहुणा आपलीच पगडी चाचपत बसायचा. महाराजांच्या अमदानीत कोल्हापुरात असल्या गोष्टींची कदर होती. कुस्ती नसली तर. जवळपास कुठं कुस्ती लागली की माझ्याकडं काळं कुत्रं फिरकायचं नाही, आणि मी पैलवानांच्या नावानं बोटं मोडत बसायचो. मी रागीट माणूस. आजही आहे.

पण माझा जीव होता तो लिंबाच्या खेळात. गर्दीतल्या एखाद्या बाईचं चांदीचं वेढं मागून घ्यायचं. वेढं म्हणजे तारेला पीळ देऊन केलेली साधी अंगठी, तेव्हा बायकांच्या बोटात सर्रास असायची. ते रुमालात बांधायचं, कुणातरी शेतकऱ्याच्या हातात धरायला द्यायचं, मग रुमाल झटकायचा. वेढं गायब. शेवटी टोपलीतलं लिंबू कापायचं आणि आतून रसानं भिजलेलं तेच वेढं काढून द्यायचं.

अडचण एकच. परक्या माणसाच्या हातात आपलं वेढं कुठली बाई देईल? एकीनं दिलं की मग दहाजणी देतात, पण ती पहिली बाई मिळायला हवी. माझी पहिली बाई म्हणजे माझी बायको. गर्दीत ती परकी होऊन उभी राहायची. हे मी आयुष्यात एकदाच कुणाला तरी सांगितलं, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

आम्ही रस्त्यानं कधी बरोबर चाललो नाही. कोडोलीला जायचं असो की मलकापूरला, ती माझ्या दोन तास आधी निघायची. डोक्यावर पाटी, पाटीत सुया, फण्या, काळी पोत. गावात घरोघर फिरून सुया विकायची आणि एखाद्या घराच्या सोप्यावर मुक्कामाला जागा मागायची. मागून मी यायचो आणि चावडीजवळ पथारी टाकायचो. समोरासमोर आलो तरी एकमेकांना नजर द्यायची नाही. खेळ झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या ठरलेल्या झाडाखाली भेटायचं, भाकरी खायची, आणि पुन्हा ती पुढं, मी मागं. माझ्या उस्तादानं खेळ शिकवताना गळ्याची शपथ घातली होती, गुपित फोडशील तर हाताला कीड पडेल. मी ते देवाच्या शब्दासारखं धरून बसलो.

हसू नका, पण पेठेतलं आमचं घरसुद्धा खेळासारखंच होतं. माझ्या खोलीचं दार एका गल्लीत, तिच्या खोलीचं मागच्या गल्लीत, आणि मधे एक बारकं दार. पुढच्या गल्लीला मी सडाफटिंग. मागच्या गल्लीला ती सुयावाली, जिचा नवरा मुंबईच्या गिरणीत असतो. चौदा वर्षं अशी काढली आणि कुणाला पत्ता लागला नाही. मला त्याची केवढी घमेंड होती! पोरंबाळं झाली नाहीत. झाली असती तर कुठल्या दारातून बाहेर काढली असती कुणास ठाऊक.

घरात तिचा आवाज मधल्या दारापलीकडं जायचा नाही. शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून आम्ही भांडायचोसुद्धा कुजबुजत. पण गर्दीत? बाप रे. वेढं गायब झालं की ती पदर खोचून पुढं यायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. "दे माझं वेढं, मुडद्या! माझ्या मालकानं दिलंय त्ये!" लोक तिच्याकडं बघून पोट धरून हसायचे आणि तेवढ्यात माझा हात आपलं काम करून जायचा. आणि खरंच होतं की. तिच्या मालकानंच दिलं होतं. लग्नाच्या वर्षी गुजरीतल्या सोनाराकडून मी एकसारखी दोन वेढी करून आणली होती, दोन्हींना आतून एकच चरा. एक तिच्या बोटात असायचं, एक माझ्या लिंबात. खेळ संपला की लिंबातलं तिच्या बोटात जायचं आणि तिचं माझ्या कनवटीला. गावागणिक अदलाबदल.

त्या साली भाद्रपदात मलकापूरचा बाजार धरून निघायचं ठरलं. निघायच्या सकाळी ती मधल्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "यंदा दसऱ्याला तुमच्यासंगट म्हाराजांची सवारी बघाया येणार."

"आणि कुणी बघितलं म्हंजे?"

"बघू द्या की. म्होरं तुमी, मागं मी. सगळ्या बायका जात्यात तशी. म्या काय आभाळ मागितलं व्हय?"

मी खेकसलो. दसऱ्याला सगळं कोल्हापूर रस्त्यावर असतं, कुणीतरी ओळखेल, धंदा बुडेल, डोकं ठिकाणावर आहे का तुझं, असं काय काय बोललो. तिनं पाटी उचलली आणि मागच्या दारानं निघून गेली. दोन तासांनी मी पुढच्या दारानं निघालो.

मलकापूरला बाजारात गर्दी मोप होती. मी वेढं मागितलं, बायका नेहमीसारख्या मागं सरकल्या, आणि ती पुढं आली. तिच्या बोटातलं वेढं घेताना माझ्या हाताला चटका बसला. तव्यासारखा हात तापला होता तिचा. एवढा ताप अंगात घेऊन ही उभी कशी? मला विचारायचं होतं. चारशे डोळे आमच्यावर, कसं विचारणार? मी आपला म्हणालो, "काय पावणी, लईच गरम दिसतीया!" लोक हसले. तिनं शिव्या दिल्या, पण आवाज घोगरा होता. लिंबू कापलं, वेढं काढलं, तिच्या बोटात गेलं. मग माझ्यापुढं दहा बायकांचे हात आले आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोल्हापूरच्या वाटेवरच्या चिंचेखाली जाऊन बसलो. ती आली नाही. ऊन वर आलं तरी नाही. तुम्हाला वाटेल मला काळजी लागली असेल. काळजी कसली! मला राग आला. दसऱ्यावरून रुसली असणार, बसू दे रुसून, मी काही मनवायला जात नाही. फडक्यातली भाकरी एकट्यानं खाल्ली, दोघांची. दुपार कलली तेव्हा बाजारावरनं परतणारा एक गाडीवान पाणी प्यायला थांबला. बोलता बोलता म्हणाला, "ती सुयावाली, काल तुमास्नी शिव्या घालत हुती ती, तेलिणीच्या घरात पडलीया. वाचंल असं न्हाय. जवळचं कुणीबी न्हाय बिचारीचं."

मी धावलो. आयुष्यात तसा धावलो नाही.

तेलीण म्हातारी उंबऱ्यातच बसली होती. भोवती शेजारच्या चारपाच बायका आणि दोन बाप्ये. मला बघून म्हातारी म्हणाली, "काय पावणं, हितं काय खेळ मांडताय?"

"मावशी, तिला न्यायला आलोय. माझी बायकू हाय ती."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले, आणि मग हसले. वाईट हसले नाहीत हो. मी विनोदच केला असं त्यांना वाटलं. एक बाई म्हणाली, "बायकू? काल चव्हाट्यावर तुमचा मुडदा बशिवला की तिनं!"

"त्यो खेळ हुता."

"आन् तिचा मालक म्हमईला गिरणीत हाय. तिनंच सांगितलंय मला," म्हातारी म्हणाली. आता ती हसत नव्हती.

"ते खोटं हाय, मावशी."

"आन् तुमचं तेवढं खरं?"

दोघांतला एक बाप्या हळूच म्हणाला, "पाटीवर डोळा दिसतोय याचा."

मग मी उस्तादाची शपथ मोडली. उस्ताद गेला खड्ड्यात. कनवटीचं वेढं काढून सगळ्यांपुढं धरलं. म्हटलं, बघा, हे तिचं काल घेतलेलं, आणि लिंबातलं तिच्या बोटात आहे, दोन्हींना आतून चरा आहे, जाऊन बघा. ही दोन वेढी नवऱ्यानं केलेली आहेत आणि तो नवरा मी.

म्हातारीशेजारची एक तरणी बाई टाळ्या पिटत ओरडली, "अगं बया! परत काढलं की! आता लिंबू कापा!"

मी झोळीतून लिंबू काढलं. देठाखालची चीर दाखवली, डिंक कसा लावतात ते दाखवलं, वेढं आत कसं सरकवतात ते दाखवलं. चौदा वर्षं जपलेलं गुपित मी भरदिवसा उघडं केलं, आणि कुणाला ते नकोच होतं. एकजण म्हणाला, "त्ये ऱ्हाऊ द्या पावणं, कापा लिंबू." मी जितकं खरं सांगत गेलो तितका त्यांना तो खेळच वाटत गेला. माझं तोंड आणि माझे हात त्यांनी कालच बघितले होते, मग आज त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार?

माझ्या डोळ्यांना धार लागलेली बघून म्हातारी मात्र उठली, म्हणाली, "चला, तिलाच इचारूया."

ती आतल्या खोलीत घोंगड्यावर पडली होती. तोंड सुकून एवढंसं झालेलं. म्हातारीनं तिच्या कानाशी वाकून विचारलं, "बाई, ह्यो म्हणतोय तुजा मालक हाय. वळखतीस काय?"

तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मागं दारात दाटलेल्या माणसांकडं बघितलं. माझ्या हातात वेढं तसंच होतं, ते बघितलं. आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दे माझं वेढं, मुडद्या. माझ्या मालकानं दिलंय त्ये."

दारातल्या बायका चुकचुकल्या. "ऐकलंसा? मालकानं दिलंय म्हणती. द्या बाबा तिचं तिला, आन् जावा."

ती तापात बरळली, की माणसं बघून तिनं आपलं काम केलं, की मलाच हाक मारली, मला आजवर कळलेलं नाही. मी लाख वेळा ते तिचं बघणं आठवलं आहे. मी खाली बसलो आणि ते वेढं तिच्या बोटात आधीच्या वेढ्यावर चढवलं. तिनं मूठ मिटली. माझं एक बोट त्या मुठीत आलं होतं. मग त्या बाप्यानं माझ्या दंडाला धरून मला बाहेर नेलं, हळूच, येड्याला नेतात तसं.

मी समोरच्या कट्ट्यावर बसून राहिलो. दिवे लागायच्या वेळेला आतून बायकांचा रडण्याचा आवाज आला.

सकाळी ओढ्याकाठी नेली. अग्नी तेलिणीच्या पुतण्यानं दिला. मी सगळ्यात मागं चालत होतो. कुणीतरी विचारलं, तुम्ही कशाला आलात पावणं? मी म्हणालो, ओळख होती. दोन्ही वेढी तिच्या बोटात तशीच ठेवली होती. म्हातारी म्हणाली म्हणे, मालकानं दिलेली हैत, ऱ्हाऊ द्या.

कोल्हापूरला आलो. दसरा आला. सवारी बघायला गेलो, पुढं चालत राहिलो, आणि मागं वळून बघायचं नाही असं ठरवून सगळा रस्ता चाललो. घरी आलो आणि मधलं दार उघडून तिच्या खोलीत गेलो. फार कोंदट झालं होतं म्हणून मागचं दार उघडलं. चौदा वर्षांत ते दार मी पहिल्यांदाच उघडत होतो.

समोरच्या घरातली बाई दारात सोनं वाटत होती. मला बघून चकित झाली. "तुमी पल्याडच्या गल्लीतलं जादूवालं न्हवं? सुयावाली कुठं हाय वो? महिना झाला, आली न्हाय."

मी सांगितलं, मलकापूरला खेळाला गेलो होतो, तिथं तापानं गेली ती.

ती बाई मटकन खाली बसली आणि मोठमोठ्यानं रडायला लागली. किती मोकळी रडली! मी उभा राहून बघत होतो. मला तिचा हेवा वाटला. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "तिचा मालक म्हमईला असतोय. त्येला कुणी कळवलं असंल का वो?"

"कळलंय त्याला," मी म्हणालो, आणि दार लावून घेतलं.