तेहतीसचा डब्बा आणि वानखेडेभाऊंचा कान

वानखेडेभाऊ तक्रार ऐकून घेत नसत. सायकल भिंतीला टेकवायची, खांद्यावरची वायरची गुंडाळी काढायची आणि सरळ माझ्या टेबलापाशी येऊन म्हणायचं, "मास्तर, आधी जुना डब्बा लावा. मग नवा."

मेहकरात माझं कॉम्प्युटर क्लासचं आणि इंटरनेटचं छोटं दुकान होतं. डब्बे म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारे माझे दोन मोडेम. जुना तेहतीसच्या वेगाचा, नवा छप्पनच्या. नवा मी मोठ्या हौसेने संभाजीनगरहून आणला होता, तेव्हाच्या औरंगाबादहून. तो झोकात चव्वेचाळीसवर जोडला जायचा आणि गिऱ्हाइकाचं ई-मेल निम्मं गेलं की जोडणी तोडून पडायचा. जुना अठ्ठावीसवर कण्हत राहायचा, पण पडत नसे. मी नव्याच्या दुकानदाराला शिव्या देत होतो. भाऊ हसले. "डब्ब्याले काऊन बोलता? त्याले चांगली लाइन द्या, मग बोला."

भाऊ टेलिफोनचे लाइनमन. दोन्ही डब्बे लावून पडद्यावरचे आकडे ते मला वहीत लिहायला लावत. नवाच पडला तर दोष घरातल्या वायरीत. दोन्ही पडले तर खांबावरचा जोड ओला. मग ते जाऊन जोड खरवडत, ग्रीस लावत आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून बांधत. कोणता जोड कुठे, तेही वहीत जाई.

एवढा खटाटोप कशाला, हे मला उशिरा कळलं. बाकीचे लाइनमन रिसीव्हर कानाला लावून खरखर ओळखत. भाऊंना ती ऐकू येईनाशी झाली होती. एकदा मी मागून तीनदा विचारलं तरी ते वळले नाहीत, तेव्हा स्वतःच म्हणाले, "मास्तर, सांगू नका कोणाले. वर्षभर राह्यलं माहं रिटायर व्हाले. हापिसात समजलं तं खुर्चीत बसोतीन मले. खांबाबिगर मी काय करू?" मी मान डोलावली. जोडताना होणारा मोडेमचा आवाज त्यांच्यासाठी पूर्ण मोठा ठेवू लागलो.

पण कुणीतरी तक्रार केलीच. फोनमध्ये खरखर असताना लाइनमन 'साफ हाय' म्हणून निघून गेला, अशी. दुसऱ्या दिवशी टेलिफोन ऑफिसचे साहेब भाऊंना घेऊन माझ्याच दुकानात आले, कारण माझीही लाइन सकाळपासून पडत होती. ते येणार हे कळताच मी भाऊंना खूण शिकवून ठेवली होती : खरखर असेल तर मी नाक खाजवीन.

साहेबांनी रिसीव्हर पुढे केला. "वानखेडे, ऐका. कशी आहे लाइन?"

भाऊंनी तो कानाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी नाक खाजवलं. चांगलं दोनदा खाजवलं. भाऊंनी रिसीव्हर खाली ठेवला.

"साहेब, या मास्तरच्या नाकावर मी नोकरी नाही करत. कान गेला माहा. पण लाइन मले समजते. पाह्यता का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊंनी दोन्ही डब्बे लावले. दोन्ही पडले. वहीची पानं उलटत ते म्हणाले, "लोणार रोडचा तिसरा खांब. सगळ्यात जुनी पट्टी तिथली, उन्हानं तडकली असन."

साहेब त्यांच्यासोबत गेले. जोड गंजून हिरवा पडला होता. परत आल्यावर साहेबांनी कागदावर 'लाइन दुरुस्त' एवढंच लिहिलं. कानाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. त्या माणसाचे मी अजून मनातल्या मनात आभार मानतो.

वर्ष सरलं. शेवटच्या दिवशी भाऊ दुकानात आले. चहा घेतला. "एकदा लावा," म्हणाले. मी जुना डब्बा पूर्ण आवाजात लावला. ते त्यावर वाकून ऐकत राहिले. "समोरून उत्तर येते न, ते ऐकाले बरं वाट्टे," म्हणाले आणि निघाले.

टेबलावर त्यांच्या ट्यूबच्या पट्ट्यांचं पुडकं राहिलं होतं. मी दारातून हाका मारल्या. सायकल आपली चालतच राहिली. हाका त्यांना ऐकू जाणार नाहीत हे लक्षात आलं तेव्हा मी धावलो आणि वळणावर त्यांना गाठलं. पुडकं पुढे केलं.

त्यांनी ते माझ्याच हातात परत दाबलं.

"भुललो नाही, मास्तर. माह्या जागी नवं पोरगं येईन, त्याच्यासाठी ठेवलं. त्याचे कान चांगले हायेत, म्हणून वही पाह्यणार नाही. तुम्ही दाखवजा त्याले."