गाजर, गजरा आणि बिनसाखरेचा नाताळ

शाळेत शिकवणाऱ्या बाईकडे किस्से कुठून येतात, असं मला माझी नणंद नेहमी विचारते. अगं, येत कुठून नाहीत! शनिवारी मुलांचं दप्तर उलटं केलं की तळातून जसा पेन्सिलीचा तुकडा, बिस्किटाचा चुरा आणि कुणाचा तरी एकच मोजा पडतो, तसे ते साठलेले असतात. आपण फक्त झटकायचं.

आमची शाळा भिवंडीत, राहनाळच्या रस्त्याला. एका अंगाला गोडाऊन, दुसऱ्या अंगाला कापड विणणारे लूम. खटखट खटखट आवाजात मी दुसरीच्या वर्गाला पाढे शिकवते. त्यामुळे आमच्या मुलांचे पाढे लूमच्या ठेक्यात पाठ आहेत. वीज गेली आणि लूम बंद पडले, की मुलं बे चोकच्या पुढे अडकतात!

पण आज सांगायचंय ते गेल्या नाताळाचं.

* * *

त्याच्या आदल्या वर्षी आम्ही क्रीमचा केक आणला होता. तो खाऊन मुलं अशी उधळली, की पी.टी.चे शेख सर जीव मुठीत धरून खुर्चीवर उभे राहिले. क्रीम फळ्याला लागलं, पंख्याला लागलं, एकाच्या कानातून निघालं. दुसऱ्या दिवशी पालकांचे फोन. म्हणून गेल्या वर्षी आमच्या मुख्याध्यापिका दळवी मॅडम प्रार्थनेनंतर माईकवर आल्या आणि गंभीर आवाजात म्हणाल्या,

"मुलांनो, या वर्षी आपला हेल्दी ख्रिसमस! मैदा नाही. साखर नाही. क्रीम नाही. खाऊ तुम्ही स्वतः बनवायचा आणि स्वतः खायचा."

मैदानात सुतक पडल्यासारखे चेहरे.

मग माझ्या वर्गातल्या सोहमने हात वर केला. याचे वडील गोडाऊनमध्ये लोडिंगला आहेत. आवाज वडिलांसारखाच, ट्रकच्या पलीकडे ऐकू जाईल असा.

"मॅडम, सुट्टी तरी हाय ना?"

* * *

खाऊचं काम आपसूक माझ्या गळ्यात आलं. "सावंत टीचर, तुम्ही यूट्यूब बघता ना?" एवढ्या पात्रतेवर!

मी ठरवलं: नाचणी-खजुराचे लाडू, पालकाच्या थेपल्यांची ख्रिसमस ट्री आणि गाजर-काकडीचे तुकडे. पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकायचा होता. हातात वह्यांचा ढीग, म्हणून फोनला तोंडी सांगितलं आणि न वाचता पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं तर घमघमाट! बत्तीसपैकी एकोणीस मुलांच्या हातात मोगऱ्याचे आणि अबोलीचे गजरे. फोन उघडून मेसेज वाचला. "उद्या प्रत्येकाने एक ताजा गजरा धुऊन आणावा."

एकोणीस आयांना याच्यात काहीही वावगं वाटलं नव्हतं! दोघींनी खरंच धुतले होते.

आमच्या सुमन मावशी, म्हणजे शाळेच्या सेविका, गावातल्याच. त्यांनी तोवर तीन गजरे माळले होते. दारात उभं राहून मला विचारतात, "टीचर, आज शाला हाय का कुनाची हलद?"

सगळ्या वर्गात गाजर एकट्या सोहमकडे. मला इतकं कौतुक वाटलं. म्हटलं, "शाब्बास! तुला बरोबर कळलं."

तर म्हणतो, "नाय टीचर. पप्पा बोलले गजरा पोरी आणतात. आपण काय तरी वेगळं नेऊ."

* * *

लाडवांची तयारी सुरू झाली. सुमन मावशींनी मागच्या खोलीत नाचणीचं पीठ तुपावर खमंग भाजलं. खजूर वाटून ठेवला. थोडा गूळही आणला, कारण नुसत्या खजुराने लाडू वळेनात.

झोया नावाची एक चुणचुणीत मुलगी आहे. तिने लगेच पकडलं. "टीचर, मॅडम साखर नाही म्हणाल्या होत्या. मग गूळ?"

मी समजावलं. गूळ कसा वेगळा, त्यात लोह कसं, आपली आजी कशी गूळ-पाणी द्यायची. चांगली दहा मिनिटं बोलले. मुलं शांत. मला वाटलं, वा, काय ऐकतायत!

मुलं माझ्या मागे बघत होती. भिंतीवरून मुंग्यांची रांग थेट गुळाच्या डब्यात चालली होती.

सोहम म्हणाला, "टीचर, मुंग्यांना कोणी सांगितलं का, हा हेल्दी हाय म्हणून?"

* * *

वळायच्या आधी मी नियम सांगितला, हात स्वच्छ धुवायचे. सगळी मुलं नळावर गेली आणि आली. मी एकेकाचे हात तपासत होते. सोहमचा उजवा हात चकचकीत, डावा कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा.

"अरे, हा हात?"

"हा नाय वापरणार टीचर. हा सुट्टीवर हाय."

तर लाडू वळून झाले. ते सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवायचे, म्हणजे बर्फाचे गोळे दिसतात, अशी माझी यूट्यूबवरची विद्या. मी रंगवून सांगितलं, "मुलांनो, सांताच्या गावात असा भुरुभुरु बर्फ पडतो. कोणी पाहिलाय का बर्फ?"

भिवंडीत बर्फ कोण बघणार! पण हात वर आला. अर्थात सोहमचा. सुट्टीवरचा.

"मी बघितलाय. मच्छीवालीकडे."

त्याने लाडू उचलला, नाकाजवळ नेला, नीट हुंगला आणि खाली ठेवला.

"हा बर्फ नाय टीचर. याला बोंबलाचा वास कुठे हाय?"

त्यानंतर बारा मुलांनी आपापला लाडू हुंगून बघितला, आणि बाराही जणांनी मान हलवली. नाय. बर्फ नाय.

* * *

मॅडमना वाटलं, मुलांना साखरेबद्दल कोणीतरी अधिकाराने सांगितलं पाहिजे. झोयाचे अब्बा डेंटिस्ट. त्यांना बोलावलं. बिचारे दवाखाना सोडून आले, सोबत प्लास्टिकचा एवढा मोठा जबडा घेऊन.

डॉक्टर छान बोलले. चॉकलेट दाताला कसं चिकटतं, कीड कशी लागते, मग मशीन कसं घुर्र करून फिरतं. पहिल्या रांगेतल्या दोघांनी तोंडावर हात ठेवले. एवढंच नाही, त्यांनी हेही सांगितलं की खजूर आणि गूळसुद्धा बेताने खायचा, आणि ज्यांना शुगर आहे त्यांनी तर जपूनच. मी मान खाली घालून लाडवांचा डबा टेबलाखाली सरकवला.

शेवटी त्यांनी विचारलं, "तो बच्चों, अब घर में चॉकलेट कौन खाएगा?"

"कोई नहीं!" सगळे ओरडले.

झोया उभी राहिली. "अब्बा खाएँगे. इनकी गाड़ी के डिब्बे में पूरा पैकेट है."

डॉक्टरांच्या हातातला जबडा आपोआप मिटला. मग म्हणाले, "अरे बेटा, वो तो... वो पेशंट के लिए है!"

बत्तीस तोंडं एकदम उघडली. "डॉक्टर अंकल, आम्ही पण पेशंट!"

जाताना डॉक्टरांना गाडीपर्यंत सोडायला अख्खी दुसरी गेली होती.

* * *

कार्यक्रमाचा आदला दिवस थेपल्यांची झाडं करायचा. पालकाचे हिरवेगार थेपले, त्रिकोणी कापायचे, वर डाळिंबाचे दाणे म्हणजे दिवे, खाली गाजराचा तुकडा म्हणजे खोड. सुमन मावशींनी लांबूनच निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्यात बकऱ्या झार खातान. मानसं न्हाय."

मुलांना मात्र जोर चढला. मी फिरून बघत होते. सोहमच्या ताटलीत झाड नव्हतंच. त्याने थेपला चौकोनी कापला होता, खाली काकडीच्या सहा चकत्या.

"हे काय रे?"

"कंटेनर. सांता याच्यातून येतो."

"सांता हरणांच्या गाडीतून येतो ना?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी सात सातं अठ्ठेचाळीस म्हणणाऱ्या मुलाकडे पाहते. "टीचर, सगळ्या जगाचं सामान हाय. हरणं किती ओढणार? कंटेनर येतो, आमच्या गोडाऊनला लागतो. माझे पप्पा उतरवतात ना बॉक्स."

मी विचारलं, "मग सांताने पप्पांना काही दिलं की नाही?"

"दिलं ना!" छाती फुगवून म्हणाला. "केवढा मोठा खोका! त्याच्यात मी आणि माझी बहीण दोघं मावतो."

मी कंटेनरला दिवे म्हणून चार दाणे जास्त दिले.

* * *

आणि मग कार्यक्रमाचा दिवस. पालक जमले, मुलं लाल टोप्या घालून बसली. सांता होणार होते शेख सर. आणि शेख सर अडकले अंजूरफाट्याला ट्रॅफिकमध्ये, सांताचे कपडे त्यांच्याच डिकीत! फोनवर म्हणतात, "पुढे कंटेनर आडवा झालाय. तुम्ही सुरू करा."

सांताशिवाय सुरू काय करायचं? मॅडम घामाघूम. मी चहाच्या खोलीत गेले तर सुमन मावशी लाल नऊवारीत! खास कार्यक्रमासाठी नेसून आलेल्या. मी हात जोडले. शेजारच्या लूममधून पांढऱ्या सुताचा गुंता आणला, दाढी बांधली, टोपी घातली आणि मावशींना स्टेजवर ढकललं.

एका सेकंदात सोहम ओरडला, "ही तर मावशी हाय!"

पालक हसायला लागले. मला वाटलं, संपलं. पण मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"मावशी न्हाय! सांताची आई हाय मी. पोराला ट्रॅफिक लागलाय."

झोयाने अगदी हळू विचारलं, "पण आईला दाढी कशी?"

"आमच्या घरान्यात सगल्यांना येते."

हे सगळ्यांना पटलं. मावशी मुलांशी हात मिळवत, गालगुच्चे घेत फिरू लागल्या. इतक्यात गेटमधून शेख सर धावत आले. रस्त्यातच कपडे चढवलेले, दाढी वाकडी, धापा टाकत "हो हो हो" करत थेट स्टेजवर.

मावशींनी बत्तीस मुलांसमोर, सगळ्या पालकांसमोर त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आलास? कवाची वाट बगतेय! आदी चपला भायेर काढ!"

आणि शेख सर, पंधरा वर्षं मुलांना परेड शिकवणारा माणूस, मुकाट्याने खाली उतरले आणि बूट काढायला बसले.

* * *

त्याच दिवशीची शेवटची गोष्ट.

आमच्या पालक समितीत एक पाटील आबा आहेत. गावातलं मोठं प्रस्थ, दोन गोडाऊनचे मालक. त्यांची नात स्वरा माझ्याच वर्गात. आबांना हेल्दी ख्रिसमस पहिल्यापासून पसंत नव्हता. मीटिंगमध्येच म्हणाले होते, "मॅडम, पोरं ही पानं खानार न्हायत. एक जरी ताटली उरली, तर फुडच्या वर्सापासून मी सांगीन तो केक." मॅडमही हट्टाला पेटून "चालेल" म्हणून बसल्या होत्या.

कार्यक्रमाला आबा आले ते हातात भलामोठा चॉकलेट केक घेऊन. कडेच्या टेबलावर ठेवला, शेजारी सुरी ठेवली आणि स्वतः खुर्ची घेऊन पहाऱ्याला बसले.

ताटल्या वाटल्या. मॅडमनी माझा हात असा घट्ट धरला की बांगडी रुतली. मुलांनी सुरुवात केली. स्वतः बनवलेलं ना! "हे माझं झाड," "तुझं वाकडं," "दाणा दे ना एक," करत करत थेपले गेले, गाजरं गेली, लाडू तर दिसेनासेच झाले. पहिली ताटली रिकामी, दहावी रिकामी, विसावी रिकामी. मॅडमचा हात सैल व्हायला लागला.

आणि आबा उठले. मागच्या बाकाकडे बोट दाखवून गरजले, "ती बगा! ती भरलेली ताटली!"

सगळ्यांनी वळून बघितलं. भरलेली ताटली होती. आणि ती मांडीवर घेऊन बसली होती आबांचीच नात, स्वरा.

आबांचा चेहरा उजळला. तिच्याजवळ गेले, डोक्यावरून हात फिरवला, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय गो बाय, न्हाय आवडलं ना तुला?"

स्वरा म्हणाली, "आवडलं ना! माझं कवाच खाऊन झालं. ही तुमची हाय."

"माजी?"

"आई बोलली, आबांना शुगर हाय, केक नाय खाऊ द्यायचा. म्हणून मी तुमच्यासाठी झाड बनवलं. लाडू नाय त्याच्यात. लाडू मी खाल्ला."

आबांनी एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा केककडे, एकदा ताटलीकडे. नात ताटली वर धरून उभी. हात खाली घेईना.

आबा छोट्याशा बाकावर बसले. गुडघे हनुवटीला लागले. झाडाचा शेंडा मोडून तोंडात टाकला. मग फांदी. मग खोड. स्वरा मोजत होती. "काकडी राहिली आबा." काकडीही गेली. शेवटी बोटाने डाळिंबाचा एक दाणा टिपला, तोही खाल्ला.

मग इकडेतिकडे बघून, अगदी हळू आवाजात सुमन मावशींना विचारलं, "आजून हाय का गो?"

मावशी अजून दाढीतच होत्या. म्हणाल्या,

"न्हाय आबा, समदं पोरांनी संपवलं. केक हाय, पन त्याला कोन इचारीत न्हाय!"