समोरच्या शोरूममधली गाडी

लातूरला छोट्या एसयूव्ही विकणाऱ्या एका शोरूममध्ये ते सेल्समन होते. गाडीचं दार उघडण्याआधी स्वतःच्या रुमालानं हँडल पुसायचे. किंमत सांगताना मात्र घरातलं आजारपण सांगितल्यासारखा त्यांचा आवाज खाली यायचा. मी कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. तीन रविवार त्यांनी मला औसा रोडवर टेस्ट ड्राइव्ह दिली. "घाई न्हाई सर, घरच्यांना बी बसवून बघा," म्हणायचे.

त्याच महिन्यात समोर नव्या कंपनीचं शोरूम उघडलं. तशीच गाडी, पण ऐंशी हजारांनी स्वस्त. मी ती घेतली, यांना न सांगता.

आठवड्याभरानं ते पेट्रोल पंपावर भेटले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "चांगलं केलं सर. भाव उतरवा म्हणून आमच्या मालकाला लई सांगितलं. ऐकलंच न्हाई त्यांनी." मग वाकून चारही चाकांची हवा बघितली. मागच्या काचेचा वायपर कसा चालू करायचा, तेही दाखवलं. गाडी देताना मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीपर्यंत त्यांचं शोरूम बंद पडलं. त्या जागेत आमच्या क्लासची नवी शाखा निघाली. पहिल्या दिवशी गेटवर खाकी शर्टातला एक माणूस हात हलवत मला गाडी लावायला जागा दाखवत होता. "येऊ द्या सर, येऊ द्या."

तेच होते. मी काच खाली केली नाही.