तारप्यापुढे मी एकटा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते उधवा गावच्या माझ्या मोठ्या मामाचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. शाळेपासून कॉलेजपर्यंत मला त्याने आपल्या घरी ठेवून घेतलं. मामा भातशेती करतो आणि तारपा वाजवतो. तारपा म्हणजे भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा जोडून केलेलं आमचं फुंकायचं वाद्य.

डहाणूच्या एका वाद्यवृंदाने व्हायोलिन, तबला, गुजराती ढोल आणि तारपा एकत्र वाजवायचं ठरवलं, तेव्हा मामाला आणायचं काम माझ्याकडे आलं. मी तलासरीला शिक्षक. शाळा सुटली की मामाला घेऊन डहाणू गाठायचं, त्यांचं मामाला आणि मामाचं त्यांना समजावायचं, पुन्हा त्याला सोडून घरी. अंग नुसतं आंबून जायचं.

सरावात मामाला माइकसमोर खुर्ची दिली. त्याने थोडं वाजवलं आणि थांबला.

"काय झालं?" वाद्यवृंदाच्या संचालकांनी विचारलं.

"नाचतंय कोण?" मामा म्हणाला.

आमच्याकडे तारपेवाला नाचणाऱ्यांचे पाय बघून चाल बदलतो. पण पाड्यावरची मंडळी घोलवडला चिकूच्या तोडणीला गेलेली. मजुरीचा रोज बुडवून कोण येणार? संचालकही दमले होते. म्हणाले, "नाहीच जमलं, तर तारप्याचं रेकॉर्डिंग लावू."

मी ते मामाला सांगितलं. त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं.

"गुरुजी, काढा ते डबे. लहानपणी बरे नाचायचात."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी अनवाणी, इस्त्रीच्या पँटमध्ये, मामासमोर एकटाच नाचलो. मामाने खुर्ची पायाने मागे सारली होती. माझा पाय बदलला की तारपा बदले, मागून ढोल, मग व्हायोलिनं. खरंच सुरेख जुळलं होतं. पण माझे पाय दिवसभराचे थकलेले, लवकरच जड झाले. मामाने ते पाहिलं आणि चाल उतरवत नेली. सगळ्यांना त्याच्याबरोबर थांबावं लागलं, ठरल्यापेक्षा बरंच आधी. टाळ्या मात्र पडल्या.

"अजून वाजवायचं होतं ना?" मी उतरताना विचारलं.

"मला होतं. तुझ्या पायांना नव्हतं."

पुढे वाद्यवृंदाचं मुंबईच्या कार्यक्रमासाठी बोलावणं आलं. मामाच्या पाड्यावर फोन लागत नाही, म्हणून मी चिठ्ठी पाठवली:

"मामा, मुंबईला बोलावतात. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाचायला पाड्यावरचे आठजण, त्यांचा रोज आणि गाडी दिली तरच येऊ, असं कळवतोय. नाही म्हणाले तर राहू दे. तुला पोटभर वाजवायला मिळायला हवं, आणि माझ्या एकट्याच्या पायांनी ते होत नाही. मी येईनच, पण रांगेत, शेवटी. तुझा भाचा."