काकूंची नसलेली मांजर

अमरावतीत कुत्र्यांना सगळ्यात जास्त कोण घाबरतं आणि कुत्रा मेल्यावर सगळ्यात आधी कोण पोचतं, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच: आमच्या दवाखान्यामागे राहणाऱ्या काकू. मी जनावरांचा डॉक्टर. माझ्याकडे एखादं जनावर दगावलं की काकू मागच्या दाराने येतात आणि बाकावर पाय वर घेऊन बसतात, कारण खाली कोणाचा तरी जिवंत कुत्रा असतोच. मी त्यांना कधी बोलावलं नाही. धंद्याला अपशकुन नको म्हणून सुरुवातीला मी तो बाक बाहेर ओसरीत नेऊन ठेवला होता. काकूंनी तो परत आत आणवला, तोही माझ्याच कंपाउंडरकडून.

सांत्वनाची त्यांची तऱ्हा आमच्या शिक्षणात नव्हती. आम्ही आपले "त्याचा त्रास संपला" वगैरे मऊ बोलतो. काकू लगेच म्हणतात, "त्याचा संपला, यांचा सुरू झाला नं." कोणी शहाणा "कुत्राच तर होता" म्हणाला, की त्या शांतपणे विचारतात, "तुमचे काका वारले तवा कोनी म्हनलं का, काकाच तर होता?" एकदा एका वकीलसाहेबांचा म्हातारा लॅब्रॅडॉर माझ्या टेबलावरच गेला. साहेब काळा चष्मा लावून भिंतीवरची जंताच्या औषधाची जाहिरात वाचत उभे राहिले. काकू म्हणाल्या, "साहेब, चष्मा काढून रडा. काच खराब होते." मग साहेब असे रडले, की लसीसाठी आलेल्या कुत्र्यांनीही भुंकणं थांबवलं.

मरण झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी भाकर आणून देतात. हा रिवाज काकूंनी कोणालाही न विचारता कुत्र्या-मांजरांपर्यंत वाढवून टाकला आहे. संध्याकाळी पिठलं-भाकरीचा डबा घेऊन त्या त्या घरी हजर. वकिलांकडे त्या दिवशी पिझ्झा आला होता म्हणे. काकूंनी तो पोरांना वाटला आणि साहेबांना समोर बसवून भाकर खाऊ घातली. साहेब अजून दिवाळीला त्यांच्या पाया पडायला येतात. माझ्या दवाखान्याकडे बघतही नाहीत.

"काकू, तुम्ही का नाही काही पाळत?" असं मी एकदा विचारलं. "मले शौक नाई," त्या म्हणाल्या. त्यांच्या ओट्यावर एक करडी मांजर मात्र वर्षानुवर्षं पसरलेली असायची. तिचा विषय काढला की उत्तर ठरलेलं, "ते माही नाई. येते आपली." काकू जन्मभर कोरा चहा पीत आल्या, तरी घरात रोज दूध घेत. ते कुठे जातं, हे विचारायची माझी छाती नव्हती.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी काकू पुढच्या दाराने आल्या. हातात कापडी पिशवी. "पाहा बरं. कोनाची तरी हाये. उठून नाई राहिली." मी पाहिलं. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मऊ बोलायची त्यांच्यापुढे सोय नाही आणि दुसरं काही मला येत नाही. "गेली, काकू," एवढंच म्हणालो. "जानारच नं, म्हातारी होती," म्हणत त्या बाकावर बसल्या. समोर एक दांडगा अल्सेशियन होता, पण त्यांचे पाय खालीच राहिले. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी माझ्या बायकोने पिठलं-भाकर केली आणि मी डबा घेऊन गेलो. "हे कावून आनलं? मांजर कोनाची अन् भाकर कोनाले?" असं म्हणत त्यांनी ताट मात्र वाढून घेतलं. "मीठ कमी हाये," असा शेरा मारला. मग पदर डोळ्यांना लावून त्या बराच वेळ रडल्या. मी समोर बसून त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. शेवटी त्या म्हणाल्या, "आता दूध बंद करा लागन."

दूध बंद झालं नाही. परवा गेलो तर त्यांनी दुधाचा चहा टाकला होता. मलाही दिला.

"काकू, तुम्हाला तर दुधाचा आवडत नाही ना?"

"नाई आवडत," त्या म्हणाल्या आणि बशीत ओतून सगळा प्यायल्या.