एका पानाचे तीन तुकडे

माझ्या भावाचे आधी पाय गेले, मग दंड, मग मनगटं. स्नायू झिजत जायचा आजार होता. तो नऊ वर्षांचा असताना अकोल्याच्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला नेऊन काय ते सांगितलं. बाबा घरी येऊन कोणाशी काही बोलले नाहीत. त्या वर्षी त्यांनी फक्त दारातला उंबरा काढून टाकला. दोन वर्षांनी चाकाची खुर्ची आली तेव्हा मला त्याचा अर्थ कळला.

मंगरूळपीरच्या बाहेर आमचा भाजीचा मळा होता. मायबाबा पहाटे मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन बाजारात जायचे आणि घरी आम्ही दोघंच उरायचो. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला वाचायचं वेड होतं. तालुक्याच्या वाचनालयातून मी पुस्तकं आणायची आणि त्याने दोन दिवसांत ती संपवायची, असं बरीच वर्षं चाललं. मग बोटांना पान उलटेना. पुस्तक मांडीवरून घसरायचं आणि मी मळ्यातून परत येईपर्यंत तो त्याच्याकडे बघत बसलेला असायचा.

मोबाइलवर वाचून पाहिलं. तेही जमेना. बोट काचेवर ठेवलं की त्याला उचलता यायचं नाही, भलतंच काही उघडायचं. एकदा त्याच्या बोटाने चुकून आत्याला फोन लागला आणि त्याला तो बंद करता येईना. आत्या तिकडून "बोल ना बापा, काय झालं?" म्हणून घाबरून गेली.

त्याच सुमारास पुण्याला नोकरी करणारा आमचा मामेभाऊ हातात धरून खेळायचा एक जुना व्हिडिओ गेम घेऊन आला. त्यात गेमची तबकडी टाकायची जागा मोडली होती. "गेम तर चालत नाही यात," तो ओशाळून म्हणाला, "पण मेमरी कार्डावरची गाणी, फोटो चालतात." दादाने त्याला तो मांडीवर ठेवायला सांगितला. उजव्या वरच्या कोपऱ्यात एक बटन होतं. दादाची तर्जनी त्यावर आपोआप बसली. नुसतं किंचित दाबलं की टक् व्हायचं, आणि बोट उचलायची गरज नव्हती.

"याच्यात पुस्तक येते का?" त्याने विचारलं.

मामेभावाने वाचायचा एक प्रोग्रॅम टाकून दिला. इंग्रजी नीट दिसलं, पण मराठी टाकल्यावर पडद्यावर नुसते चौकोन. दादा कितीतरी वेळ ते दाबत पुढं गेला. "चौकोनच चौकोन हायेत," तो म्हणाला, "पुढं काही निघते का पाहून राह्यलो." पुढं काही निघालं नाही.

फोटोचा उपाय मला सुचला. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढायचा आणि कार्डावर टाकायचा. पण अख्खं पान त्या छोट्या पडद्यावर मुंग्यांसारखं दिसायचं. म्हणून एका पानाचे तीन आडवे तुकडे करायचे, वरचा, मधला, खालचा, आणि त्यांना ओळीने आकडे द्यायचे. दोनशे पानांच्या पुस्तकाचे सहाशे तुकडे. मी तेव्हा कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. क्लास सुटल्यावर तिथंच बसून तुकडे करायची. बाबांनी एक पाट खुर्चीच्या हातांवर आडवा बसवला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी तो गेम त्यावर बांधला.

पहिलं पुस्तक त्याने चार दिवसांत वाचलं. माय मला चुलीपाशी हळूच म्हणाली, "किती दिवसांनी त्यानं मले काही मांगतलं नाही व." नाहीतर दर थोड्या वेळाने त्याची हाक यायची: मला वळव, पंखा लाव, माशी हाकल. माणूस एकटा बसला की त्याला सगळं टोचतं.

वाचनालयातले काका आधी वैतागले. "फोटो कायले काढून राह्यली व पोरी? परीक्षा हाय का तुही?" मी दादाचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खिडकीजवळचं टेबल मोकळं करून दिलं, उजेड चांगला पडतो म्हणून.

घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना मात्र ते कधी समजलं नाही. एवढा मोठा माणूस दिवसभर गेम खेळत बसतो, असंच त्यांना वाटायचं. एकदा बाबांच्या नात्यातले एक गृहस्थ त्याच्या देखत म्हणाले, "चाललं तेच बरं हाय. जिवाले काही तरी चाळा पायजे." दादाने बटन दाबणं थांबवलं नाही. ते गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "पान तर वाचू द्याचं होतं."

असं तीन-साडेतीन वर्षं चाललं. मग मला शेलूबाजारच्या एका शाळेत शिकवायचं काम लागलं. सकाळी जीपने जायचं, दुपारी परत यायचं, मग दादाची अंघोळ, मळा, स्वयंपाक. त्यातच माझं लग्न ठरलं. त्या दिवसांत दादा एक जाडजूड कादंबरी वाचत होता. सव्वापाचशे पानांची. मी चाळीस-पन्नास पानं करून टाकायची आणि तो ती संपवून वाट बघत बसायचा. मी दारातून आत आले की त्याची नजर आधी माझ्या पिशवीकडे जायची. मला त्या नजरेचा राग यायला लागला होता. हे लिहिताना हात अडखळतो, पण तसंच होतं.

लग्नाला बारा दिवस राहिले असताना त्याने विचारलं, "बाकीची पानं?"

मी म्हणाले, "वाचनालयातलं पुस्तक फाटकं हाय दादा. शेवटची शंभरेक पानं नाहीतच त्याच्यात."

 तो म्हणाला, "असं काय. जाऊ दे मंग."

मी लग्न होऊन मेडशीला गेले. मामेभावाने दोन-चार पुस्तकं तुकडे करून पाठवली, मग त्याचंही राहून गेलं. दादा जुनीच पुन्हा वाचायचा. ती कादंबरी त्याने पुन्हा उघडली नाही.

दिवाळीला माहेरी आले. दादा खूप वाळला होता. बोलताना दर दोन शब्दांनी श्वास घ्यायचा. फराळाची ताटली घेऊन मी त्याच्यापाशी बसले तेव्हा तो म्हणाला, "पुस्तक पूर्ण हाय म्हणे."

मला लगेच कळलं तो कोणत्या पुस्तकाबद्दल बोलत होता. वाचनालयातले काका बाजारात मायकडून भाजी घ्यायचे. मायने त्यांना भोळेपणाने सुनावलं होतं, की तुमचं पुस्तक फाटकं निघालं, माह्या लेकाचं अर्धंच राह्यलं. काकांनी कपाटातून काढून पाहिलं, आणि मायला सांगितलं, एक पान गेलेलं नाही.

"दादा, मी..."

"वेळ नव्हता त सांगाचं होतं," तो म्हणाला. त्याचा श्वास संपला. पुन्हा घेतला. "मी थांबलो असतो. मले दुसरं काय काम हाय?"

मी ताटली खाली ठेवून रडले. त्याला माझ्या डोक्यावर हात ठेवता येत नव्हता. तो नुसता बघत होता.

दिवाळीनंतर वाचनालय उघडलं त्याच दिवशी मी जाऊन उरलेली सगळी पानं काढली. काकांनी पुस्तक समोर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता रजिस्टर चाळत बसले. दोन दिवस लागले सगळं व्हायला. फार तर दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी मी गेम पाटावर बांधला. दादाची तर्जनी बटनावर ठेवली. बोट दबलंच नाही. त्याने पुन्हा जोर लावला, कपाळावर घाम आला. मग मी त्याच्याशेजारी बसून बटन दाबू लागले. वाचून झालं की तो "हं" म्हणायचा. तीस-पस्तीस तुकडे झाले असतील. एका तुकड्यावर "हं" आलाच नाही.

"झोपला का?"

"नाही व." तो पडद्याकडेच बघत होता. "हे कोण होय, याची काही आठवण नाही येऊन राह्यली. मागचं सारं इसरलो."

"पहिल्यापासून लावू का?"

"आता कुठी पहिल्यापासून," तो म्हणाला. "राहू दे. मले खिडकीकडं वळव."

मी त्याला वळवलं. बाहेर माय वांग्यांना पाणी देत होती.

पौषात त्याच्या छातीत कफ भरला. वाशीमच्या दवाखान्यात सहा दिवस काढले, सातव्या दिवशी सकाळी तो गेला. मी मेडशीहून एसटीने निघाले होते. पोहोचले तेव्हा बाबा बाहेरच्या बाकावर त्याची चादर घडी करून मांडीवर घेऊन बसले होते.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. माय तो गेम घेऊन माझ्याकडे आली. तिने तो पदराने पुसला होता. तिला वाचता येत नव्हतं, पण इतकी वर्षं तिने मला त्याच्यासाठी फोटो काढताना, फोटो टाकताना पाहिलं होतं.

"याच्यात त्याचा एखादा फोटो असन ना?" तिने विचारलं. "हसतानाचा पाह्य. भिंतीवर लावाले पायजे."

मी कार्ड उघडून शेवटपर्यंत पाहिलं. हजारो फोटो होते, सगळे अक्षरांचे. त्याचा एकही नव्हता. शेवटी अपंगत्वाच्या दाखल्यावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात तो सोळा वर्षांचा आहे, आणि त्याची मान सरळ राहावी म्हणून मागून धरणाऱ्या बाबांच्या हाताची दोन बोटं दिसतात.